बिरूनानांचा चिमटा

गाडी उलटी पडली होती. चाकं वर, टप खाली, आणि मी पट्ट्यात लटकत होते. पदर तोंडावर आलेला, तोंडात माती, कानात नुसता घूं आवाज. फुटलेल्या काचांतून ज्वारीची ताटं आत घुसली होती. पुढच्या सीटवर माझी सून सविता "आई गं, आई गं" करत होती, म्हणजे ती होती. माझ्या शेजारी लेकरांच्या सीटमध्ये बांधलेली माझी नात स्वरा होती, वर्षाच्या आतली. तिचा आवाज येत नव्हता.

मी पुष्कळ मरणं पाहिली आहेत. लेकराचा आवाज न येणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

तेवढ्यात स्टेअरिंगच्या बाजूनं, माझ्यासारखेच उलटे लटकलेले बिरूनाना बोलले.

"आक्का, हात हालतोय का?"

"हालतोय."

"मंग पोरीच्या खांद्यावर न्या. पट्टा धरा. चिमटा येतो का?"

मला वाटलं, डोक्याला मार लागून माणूस कामातून गेला. पण दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून हात नेला. धुळीत दिसत काही नव्हतं. बोटांना आधी सीटची कड लागली, मग इवलासा खांदा, मग त्यावरचा पट्टा. दोन बोटांत धरून चिमटा काढायला गेले. बोटं घसरली. पुन्हा धरला, पुन्हा घसरली. पट्टा खांद्याला असा बसला होता की त्याची घडी म्हणून होत नव्हती.

"न्हाई येत," मी म्हणाले.

"मंग हाय ती," नाना म्हणाले.

पुढचं सांगते. पण आधी हा माणूस कोण ते कळायला हवं, नाहीतर उलट्या गाडीत लटकून चिमट्याची चौकशी करणारा माणूस वेडा वाटेल. वेडे ते आहेतच. पण वेडातही प्रकार असतात.

बिरूनाना आमचे शेजारी. आमचं गाव कडा या गावाच्या अलीकडे, वारा असला की साखर कारखान्याचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर. नाना मूळचे इथले नव्हेत. अर्धा जन्म मेंढरांमागं गेलेला. माझी थोरली मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमाराला ते बायकोला घेऊन गावात आले, आमच्या भिंतीला भिंत लावून दोन खोल्या बांधल्या आणि राहिले. कळप विकून टाकला होता. रोगानं मेंढरं मेली म्हणून गावात येऊन राहिलेला मेंढपाळ मी पाहिला होता. धडधाकट कळप विकून आलेला पाहिला नव्हता. विचारलं तर म्हणायचे, "पाय दुखत्यात." आणि तेच पाय घेऊन दिवसभर गावात भटकायचे.

मग ते ट्रॅक्टर शिकले, मग जीप, मग स्वतःची सात सीटची गाडी घेतली. बायको वारली. तेव्हापासून एकटेच. डोक्याला अजून तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी, आणि गाडीत काचेपुढं देवाच्या शेजारी लोकर कातायची टकळी. मेंढरं गेली, टकळी राहिली. गाडी कुठं थांबली की हे खाली उतरून टकळी फिरवत बसणार.

त्यांचा धंदा मुख्यतः बाळंतिणींचा. पोरगी पहिल्या खेपेला माहेरी येते, बाळंत होते, मग बाळाला घेऊन सासरी जाते. ही सगळी ने-आण नानांच्या गाडीतून, कारण नाना हळू चालवतात. इतकं हळू, की माहेर सोडताना रडायला लागलेली पोरगी अर्ध्या वाटेत रडून-रडून दमते आणि उरलेल्या वाटेत "नाना, जरा दामटा की" म्हणते.

एका उन्हाळ्यात नाना नगरला गेले आणि भलं मोठं खोकं घेऊन आले. त्यातून निघाली सीट. खुर्ची म्हणावी तर खुर्ची नाही, पाळणा म्हणावा तर पाळणा नाही. खांद्यावर दोन पट्टे, कमरेला दोन, मध्ये एक, आणि सगळे येऊन एका बकलात अडकणारे. गाव गोळा झालं.

"नाना, ह्याच्यात कोण बसणार?"

"ज्याला चालता येत न्हाई ते."

"मंग आमच्या सासूबाईला बसवा," एक जण म्हणाली. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

खोक्यात एक कागद होता. तो घेऊन नाना माझ्या ओसरीवर आले.

"आक्का, तुमी चार बुकं शिकल्यात. वाचा."

"हे इंग्रजी हाय, नाना."

"मंग चित्रं वाचा."

मग आम्ही दोघांनी बसून चित्रं वाचली. एका चित्रात एक बाई लेकराला मांडीवर घेऊन गाडीत बसलेली, आणि तिच्यावर ही एवढी लाल फुली. नानांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्या तुमी."

दुसऱ्या चित्रात सीट पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी, आणि समोरून मोठा फुगा फुगून लेकराच्या अंगावर येतोय. त्यावरही फुली. "म्हंजी फुग्याम्होरं लेकरू न्हाई. मागंच," नानांनी निकाल दिला. तिसऱ्या चित्रात सीट उलटी लावलेली, लेकराचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. त्यावर फुली नव्हती. ते आम्हा दोघांनाही पटेना. कागद फिरवून पाहिला, उन्हात धरून पाहिला.

"गाढवावर उलटं बसवून धिंड काढल्यागत कावून बसवलंय लेकराला?" मी म्हणाले.

शेवटी सविताला हाक मारली. ती शिकलेली आहे. तिनं वाचून सांगितलं: तान्ह्या लेकराचं डोकं जड असतं आणि मान कच्ची असते. गाडी एकदम थांबली की डोकं पुढं फेकलं जातं. तोंड मागं असलं तर सगळा दणका सीटची पाठ झेलते, मानेवर येत नाही. म्हणून सीटच्या मापात बसतं तोवर लेकरू असंच बसवायचं, मोठं दिसायला लागलं म्हणून फिरवायची घाई करायची नाही.

नानांनी त्या उलट्या सीटच्या चित्रावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "कुणीतरी लई डोकं चालवलंय, आक्का. दुसऱ्याच्या लेकरासाठी."

शेवटच्या चित्रात दोन बोटं होती. खांद्यावरच्या पट्ट्याला चिमटा काढणारी. पट्ट्याची घडी बोटांत आली, म्हणजे पट्टा ढिला. बोटं घसरली, म्हणजे बरोबर. इतकी साधी गोष्ट. त्या दिवसापासून नानांना चिमट्यानं झपाटलं.

गॅसचं सिलिंडर नेलं तरी त्याला पट्टा, आणि चिमटा काढून पाहणार. लग्नाच्या बुंदीचं पातेलं मागच्या सीटवर पट्ट्यात. नवरदेवाला पट्टा लावला तेव्हा त्याच्या मुंडावळ्या गुंतल्या, त्या सोडवीपर्यंत वऱ्हाडी उन्हात उभे. गणेशोत्सवात मंडळाची मूर्ती आणायला गेले, तर गणपतीला पट्टा. पोरं चिडली.

"अहो नाना, देव हाय तो!"

"हाय ना. पण ब्रेक लागल्यावर देवबी म्होरंच जाणार," नाना म्हणाले आणि गणपतीच्या खांद्याशी चिमटा काढून पाहिला.

सीट बसवण्याची त्यांची पद्धत पाहायला लोक थांबायचे. आधी सीटमध्ये स्वतःचा गुडघा रोवायचा, अंगाचा सगळा भार द्यायचा आणि गाडीचा पट्टा ओढून-ओढून आवळायचा. मग दोन्ही हातांनी सीट धरून गदागदा हलवायची. बोटभराच्या वर सरकली तर सगळं पहिल्यापासून. हे कुठल्या चित्रात नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "घोड्यावर बिऱ्हाड असंच लादत्यात. गुडघा दिल्याबिगर दोरी बसत न्हाई."

खरं युद्ध व्हायचं ते दवाखान्याच्या दारात. एकदा बीडला आमच्या भावकीतल्या पोरीला आणायला गेलो होतो. बाळ काही दिवसांचं. त्याच्या आजीनं त्याला झबलं, त्यावर स्वेटर, त्यावर कुंची, त्यावर दुपटं आणि त्यावर शाल असं गुंडाळलं होतं. लेकरू शोधून काढावं लागत होतं.

"सोडा हे सगळं," नाना म्हणाले.

"वारं लागंल लेकराला!"

"आतून एक कपडा ऱ्हाऊ द्या. पट्टा अंगाला बसला पायजे, कपड्याला न्हाई. आधी बांधा, मंग झाका."

"मी मांडीवर घेते. पाच लेकरं वाढवली ह्या हातांनी."

"हात म्हंजी पट्टा न्हाई, मावशी."

आजीबाई हटेना. नानांनी किल्ली काढून कनवटीला खोचली, दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि टकळी फिरवायला लागले. ना भांडण, ना आवाज. बाळंतीण उभी, बाळ उभ्या आजीच्या हातात, आणि हे सूत काढतायत. लोक थांबून पाहू लागले. आजीनं शिव्या दिल्या, मग दुसरी गाडी बघते म्हणाली, मग डोळ्याला पदर लावला. नानांच्या टकळीचा वेग कमी झाला नाही. अखेर बाळंतीणच म्हणाली, "आई, बांध की ग बाई. टाके दुखायलेत माझे."

बाळ सीटमध्ये गेलं. पट्टे लागले. चिमटा काढून झाला. मग नानांनी स्वतःच्या हातानं दुपटं वरून पांघरलं, कडा आत खोचल्या. आजी म्हणाली, लेकराला दृष्ट लागली असणार, एवढ्या लोकांनी पाहिलं. नाना म्हणाले, "काढा की दृष्ट. माझं काय म्हणणं न्हाई. पट्टा न सोडता काढा."

मला स्वतःला हे सगळं थोतांड वाटायचं. मी तसं तोंडावर सांगितलंही. माझे हात ज्वारीची पोती उचललेले आहेत. एक लेकरू धरवणार नाही?

नाना म्हणाले, "चला, बसा गाडीत."

माझ्याच शेतातलं एक टरबूज त्यांनी माझ्या मांडीवर दिलं. म्हणाले, "हे तुमचं नातवंड. सगळ्या ताकदीनं धरा." मला पट्टा लावला. गावाबाहेरच्या रिकाम्या सडकेला गाडी घेतली. वेग काही फार नव्हता, सायकलवाला जोरात निघाला तर पुढं गेला असता. मी टरबूज पोटाशी कवटाळून बसले होते आणि मनात म्हणत होते, आता ह्या माणसाचं नाक खाली करते. नानांनी ब्रेक दाबला.

टरबूज माझ्या हातात होतं, आणि मग नव्हतं. मधलं काही मला कळलंच नाही. समोरच्या काचेवर लाल पाणी ओघळत होतं, काचेपुढच्या देवाच्या अंगावर बिया. मी माझ्या हातांकडे पाहिलं. दोन्ही तसेच होते, काहीतरी धरल्यासारखे, वाकलेले.

नाना हसले नाहीत. "हात वाईट न्हाईत, आक्का," एवढंच म्हणाले आणि फडक्यानं देव पुसला.

त्या दिवसानंतर मी थोतांड म्हणायचं सोडलं. पण गाव सोडत नव्हतं. आमच्याकडे एक पुढारी आहेत. नाव लिहीत नाही, निवडणुका येत-जात असतात. ते आपल्या नातवाला मांडीवर घेऊन, त्याच्या हातात स्टेअरिंग देऊन गावातून गाडी फिरवायचे. लोक कौतुक करायचे. एकदा नाना त्यांच्या गाडीपुढं जाऊन उभे राहिले. दोघं एका वयाचे, बोलणं अरे-तुरेचं.

"लेकरू मागं बांध बे," नाना म्हणाले.

"लेकराला काय मेंढरागत बांधू का, बिरू?"

"मेंढराला कुणी बांधतंय का? मेंढरू चालतंय. कोकराला बांधत्यात. मुक्काम हलवताना कोकरू, कोंबडी आन् लेकरू, तिन्ही घोड्यावर बांधून न्यावं लागत्यात."

"मंग आधी तुझं घोडं आन बे, त्याला बांधतो!"

पारावर बसलेले सगळे हसले. मीही हसले. नाना वाटेतून बाजूला झाले आणि त्या दिवशी कुणाशी बोलले नाहीत. मला वाटलं, चारचौघांत अपमान झाला म्हणून. पुढं त्याच पुढाऱ्याच्या सुनेनं गुपचूप निरोप पाठवला की माहेरी जायचंय, नानांची गाडी सीटसकट पाठवा, आणि मामंजींना सांगू नका. नानांनी गाडी नेली, पण त्यांच्या तोंडावर जिंकल्याचं काही दिसलं नाही.

आता त्या दिवसाकडे येते.

स्वराचं जावळ काढायचं होतं. सविताचं माहेर चकलांब्याला. जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात, म्हणून आम्ही तिकडे निघालो. माझा मुलगा पुण्याला कामाला, तो परस्पर येणार होता. संक्रांत झाली होती, सकाळचं अंग काकडत होतं. मी स्वरासाठी माझ्या जुन्या लुगड्यांची एक लहान गोधडी शिवली होती. नाना यायच्या आत मी ती दुहेरी करून सीटमध्ये अंथरली. सीट कडक असते, लेकराला बरं वाटेल.

नानांनी पाहिलं आणि गोधडी ओढून काढली. हळू नाही, हिसका देऊन.

"अहो, माझ्या हातची हाय ती!"

"खाली मऊ घालायचं न्हाई."

"रुतंल लेकराला."

"रुतू द्या."

"रडंल."

"रडू द्या! खाली मऊ घातलं की बांधलेलं ढिलं होतंय. वरून घाला."

आवाज चढला होता. इतक्या वर्षांत नानांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता, दवाखान्याच्या पायरीवरही नाही. मलाही राग आला.

"तुमाला लेकरू असतं, तर कळलं असतं," मी म्हणाले.

 नानांनी स्वराचा स्वेटर काढला, तिला बसवलं, पट्टे आवळले. ती रडायला लागली. त्यांनी चिमटा काढून पाहिला, आणखी आवळलं, पुन्हा पाहिला. मग माझी गोधडी तिच्या अंगावर वरून घातली. सविताला गाडी लागते, म्हणून ती पुढं बसली. मी मागं, सीटच्या शेजारी. मलाही पट्टा. स्वरा थोडं रडली आणि झोपली.

कारखान्याचा हंगाम होता. सडकेवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. आमच्यापुढं एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन चढ चढत होता. नाना मागं बरंच अंतर ठेवून चालले होते. मागच्या ट्रॉलीवर उसाच्या वर एक दोर सैल होऊन लोंबत होता. नाना तो बघून म्हणाले, "बांधणं बगा कसलं हाय." तेवढ्यात ट्रॉलीची पिन तुटली.

ती मागची ट्रॉली आधी थांबल्यासारखी वाटली. मग उलटी आमच्याकडे यायला लागली. आवाज न करता. घराएवढा ऊस, उतारावरून, सरळ आमच्या अंगावर. मी आयुष्यात पूर पाहिला आहे, पेटलेली गंजी पाहिली आहे. पण ती ट्रॉली जशी शांतपणे वाढत आली, तसं काही पाहिलं नाही. नानांनी गाडी डावीकडे वळवली. सडक उंच होती, शेत खाली. ट्रॉली मागून खरवडत गेली आणि आम्ही ज्वारीत उलटलो.

मग तो चिमटा. मग "मंग हाय ती."

ते खरं होतं. मी बोटं अजून पट्ट्यावरून काढली नव्हती, तेव्हा बोटांखालचा खांदा हलला. आधी एक उचकी. मग श्वास घेतल्याचा आवाज. मग स्वरानं जे भोकाड पसरलं, तेवढा गोड आवाज मी ऐकलेला नाही, आणि मला गाणं-बजावणं कळत नाही.

पुढून नाना ओरडले, "रड हिरा! रड माझे बाई! मोठ्यानं रड!"

आमच्या पोरीचं नाव स्वरा आहे. नाना दुसरंच नाव घेतायत, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. पण ती वेळ विचारायची नव्हती.

ट्रॉलीबरोबरच्या ऊसतोडणीच्या बायका कोयते घेऊन उड्या मारत शेतात आल्या. एकीनं खिडकीतून हात घालून लेकराचं बकल शोधायला सुरुवात केली.

"बकल सोडू नका!" नाना आतून गरजले. "डोक्यावर पडंल लेकरू! सीटला खालून हात द्या, आन् सीटसकट काढा!"

दोघींनी खालून सीट पेलली. तिसरीनं कोयत्याच्या एका घावात गाडीचा पट्टा तोडला. स्वरा सीटमध्ये बसल्या बसल्या बाहेर गेली, जशी सकाळी घरातून निघताना बसली होती तशी. तिच्या गालावर ज्वारीच्या पानाचा एक ओरखडा होता. दुसरं काही नाही. बायका तिच्याभोवती उकिडव्या बसल्या.

सविताचं मनगट मोडलं. नानांचं खांद्याजवळचं हाड मोडलं. माझ्या छातीवर पट्ट्याचा काळानिळा वळ उठला, तो जायला पुष्कळ दिवस लागले. आम्हाला बांधावर बसवलं तेव्हा एक बाई ज्वारीतून काहीतरी घेऊन आली. माझी गोधडी. ती फुटक्या काचेतून बाहेर उडून शेताच्या पार आत जाऊन पडली होती. बाईनं ती जवळच बसलेल्या नानांच्या मांडीवर ठेवली. नानांनी तिला हात लावला नाही. नुसते बघत राहिले.

दवाखान्यातून घरी आलो आणि गावात नवीनच सुरू झालं. सीट आमच्या ओसरीवर होती. बायका येऊन तिला हळदी-कुंकू वाहायला लागल्या. पुढारी स्वतः आले, सीटपुढं हात जोडले आणि म्हणाले, ही मंदिराच्या ओट्यावर ठेवू, सगळ्या गावच्या लेकरांना एकदा तिच्यात बसवू. दोघी-तिघींनी आपापल्या लेकींसाठी सीट मागूनही ठेवली.

नाना गळ्यात हात अडकवून आले. कुंकू लावलेल्या सीटकडे पाहिलं. मला म्हणाले, "आक्का, इळा द्या." मी विळा दिला. त्यांनी चांगल्या हातानं पाचही पट्टे एकामागून एक कापून टाकले. बायका ओरडल्या.

"एवढी चांगली सीट! कुठं मोडली न्हाई, तडकली न्हाई!"

"एकदा मार खाल्लेली सीट पुन्हा धरत न्हाई," नाना म्हणाले. "दिसती साबूत. आतून तिचं काय झालंय, कुणाला दिसतंय? म्हून तर पयली बी मी नवीच आणलीती, कुणाची वापरलेली न्हाई."

बायका गेल्या. नाना ओसरीच्या कडेला बसले आणि टकळी काढली. एका हातानं सूत निघेना. मी जवळ जाऊन लोकरीचा पेळू धरला. त्यांनी टकळीला गिरकी दिली.

"हिरा कोण?" मी विचारलं.

त्यांनी फिरती टकळी हातात धरून थांबवली. 

"माझी लेक. तुमच्या स्वराएवढी व्हती. मुक्काम हलवत व्हतो. घोड्यावर बिऱ्हाड लादलं, वर तिला बांधली. बांधायचं काम बायकोचं. तिनं लई आवळली. पोरगी रडाया लागली. मला बगवंना. बायको म्होरं मेंढरांत गेली तवा म्या दोरी सोडली, खाली गोधडी घातली, दुहेरी, आन् पुन्हा बांधली. गप झाली पोरगी. हसली बी."

मी लोकर धरून होते.

"सडकेला ट्रकनं हारन दिला. घोडं उधळलं. पयल्या हिसक्याला गोधडी निसटली. गाठ सुटली न्हाई, आक्का. गाठ तशीच व्हती. आत पोरगी न्हवती."

"बायकोला ठावं व्हतं?"

"तिला वाटलं, तिनंच ढिली बांधली. मरस्तवर तसंच वाटलं तिला." त्यांनी टकळीला पुन्हा गिरकी दिली. ती नीट बसली नाही, सूत तुटलं. "म्या सांगितलं न्हाई."

  मी सूत पुन्हा जोडून घेतलं आणि पेळू धरला. ऊन ओसरीवरून उतरेपर्यंत आम्ही तेवढंच केलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही पुन्हा चकलांब्याला निघालो. गाडी दुसरी, सीट नवी कोरी. नानांनी गुडघा रोवला, पट्टा आवळला, सीट हलवून पाहिली. स्वराला बसवलं. ती रडली. त्यांच्या दुखऱ्या हाताच्या बोटांत अजून जोर नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आक्का, बगा."

मी बोटं लावली. घसरली.

"न्हाई येत."

नानांनी गाडी चालू केली. चकलांब्याला मामाच्या मांडीवर स्वराचं जावळ निघताना नाना बाहेर गाडीपाशी टकळी फिरवत बसले होते, त्यांना मी आत बोलावून आणलं.

त्या दिवशी उलटलेल्या गाडीत आम्ही चौघं होतो. बिरूनाना, सविता, स्वरा आणि मी. चौघंही जगलो.